पंखा हळू का फिरतो?

(प्रतापगड, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया येथील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात, बचत गटाची गाडी चालवणाऱ्या एका मैत्रिणीने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो,

सकाळपासून आपण पोटगीवर बोललो, सातबाऱ्यावर बाईचं नाव लावण्यावर बोललो, दारूच्या गुत्त्यांवर बोललो. आता जेवणं झाल्यावर मला गाडीच्या पंख्यावर बोलायला उभं केलंय. मागे बसलेल्या दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या, ते मी पाहिलं. हसा, काही हरकत नाही. पण माझं बोलणं संपेपर्यंत तुम्हाला पटेल की हा विषय सातबाऱ्यापासून फार लांबचा नाही. वस्तू आपल्या नावावर आहे, पण तिच्या पोटात काय बिघडलंय ते दुसरा सांगेल तेच खरं मानायचं, असं असेल तर तो हक्क अर्धाच राहतो.

आधी गाडी का घेतली ते सांगते. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. जिल्हा झाला, पण आमचा अर्जुनी मोरगाव तालुका त्याच्या दक्षिण टोकाला. कलेक्टर कचेरी गाठायची तर दिवस मोडतो. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, ते चांगलंच झालं. पण अर्धं तिकीट त्याच बाईच्या उपयोगाचं, जिच्या गावात एसटी येते आणि वेळेवर येते. रात्री अकराला नवऱ्यानं लेकरासकट घराबाहेर काढलेल्या बाईला एसटी नसते. जबाब नोंदवायला ठाण्यात जायचं, तारखेला कोर्टात उभं राहायचं, दवाखान्यात दाखवायला जायचं, तर बाईनं कोणाच्या तरी मागे गाडीवर बसून जायचं. आणि ज्याच्या मागे बसून जायचं, तो बहुतेक वेळा त्याच घरचा माणूस असतो. म्हणून आमच्या गटांनी पैसा जमवून सात जणांची एक जुनी गाडी घेतली. आरसी बुकावर आमच्यातल्याच एका मावशीचं नाव आहे. चालवते मी.

दोन वर्षं गाडी बरी चालली. मग महाशिवरात्रीला घोटाळा झाला. इथल्या यात्रेचं तुम्हाला काय सांगायचं? शंकराचं ठिकाण इथंच, दर्गाही इथंच, आणि माणूस दोन्हीकडे जातो. त्या दिवसांत रस्त्यावर गाडी चालत नाही, सरकते. अशा सरकत्या रांगेत आमच्या गाडीचा काटा चढायला लागला. मोकळ्या रस्त्याला लागलो की खाली यायचा. गावात, बाजारात, रेल्वे फाटकावर थांबलो की पुन्हा वर. उन्हाळा लागला तसं एसीतून गरम वारा यायला लागला.

गॅरेजवाल्यानं बोनेट उघडलं, इंजिनचा आवाज ऐकला आणि निकाल दिला, "ताई, हेड गॅस्केट उडालं. रेडिएटरही गेलं. इंजिन खोलावं लागेल." खर्च सांगितला तो गटाच्या सहा महिन्यांच्या बचतीएवढा. तिथंच उभा असलेला एक जण म्हणाला, "कशाला त्रास घेता? मी घेतो जशीच्या तशी." आणि भाव सांगितला तो भंगाराचा. संध्याकाळी गटाची बैठक बसली. चार जणी म्हणाल्या, विकून टाकू, आपल्याच्यानं होत नाही. गाडी विकली असती तर पुन्हा दुसरी घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. तेव्हा मी आठ दिवस मागून घेतले. म्हटलं, आजार काय आहे हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहू, मग विकायची तर विकू.

आता मुद्द्यावर येते. हे नीट ऐका, कारण ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना उद्याच उपयोग होईल.

इंजिनात इंधन जळतं. त्यातला थोडा भाग चाकं फिरवतो, बाकीची उष्णता होते. ही उष्णता पाणी, म्हणजे कूलंट, इंजिनातून उचलतं आणि समोरच्या रेडिएटरमध्ये आणतं. तिथं वारा लागून ते थंड होतं आणि परत इंजिनात जातं. चुलीवरचं दूध खाली उतरवून आपण एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत गार करतो ना, तसंच. गाडी पळत असते तेव्हा वारा आपोआप मिळतो. गाडी उभी असली की वारा देणारा एकच, तो म्हणजे रेडिएटरमागचा पंखा.

म्हणून पहिला धडा असा, की गाडी कधी तपते हे आधी लिहून ठेवा. पळताना ठीक आणि उभी असताना गरम, तर संशय पंख्यावर. पळतानाच, चढावर, भार असताना गरम होत असेल, तर पाणी कमी आहे का, रेडिएटर आतून चोंदलंय का, थर्मोस्टॅट अडकलाय का, पाण्याचा पंप चालतो का, ते पाहावं. गॅस्केट गेलं असेल तर पाणी सारखं कमी होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, ऑइल दुधाळ होतं, पाण्यात बुडबुडे येतात. आमच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. म्हणजे गॅरेजवाल्याचा निकाल लक्षणांशी जुळत नव्हता. डॉक्टरनं नाडी न पाहता ऑपरेशन सांगावं, तसं झालं होतं.

दुसरा धडा, पंखा फिरतो एवढ्यावर समाधान मानू नका. गॅरेजवाला म्हणालाच होता, "पंखा तर चालू आहे." चालू होता, पण रेंगाळत. पंखा निम्म्या वेगानं फिरला तर वाराही साधारण निम्माच फेकतो. हात रेडिएटरच्या पुढे धरला तर ओढ जाणवायला हवी, कागद धरला तर जाळीला चिकटायला हवा. आमचा कागद चिकटत नव्हता, नुसता थरथरत होता.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. बऱ्याच गाड्यांत पंख्याला दोन वेग मुद्दाम दिलेले असतात. थोडं गरम झालं की हळू, जास्त गरम झालं किंवा एसीचा दाब वाढला की जोरात. हळू वेगासाठी मध्ये एक रेझिस्टर घालतात, किंवा दोन पंखे असतील तर एकामागून एक जोडून दोघांना वीज वाटून देतात. जोराच्या वेगाचा रिले जळला तर पंखा बंद पडत नाही, तो कायम हळूच फिरत राहतो. बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. रिले तपासायला सोपा. त्याच डब्यात त्याच नंबरचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून पाहायचं. आम्ही पाहिलं, फरक पडला नाही. आमच्या गाडीत रेझिस्टरही नव्हता, एकच वेग होता. म्हणजे पुढे जाणं भाग होतं.

हात घालण्याआधी सावधगिरी. पदर कमरेला खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणीचा अंबाडा बांधा. धातूच्या बांगड्या, अंगठी, लांब मंगळसूत्र काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांना धातू एकदम टेकला तर क्षणात लाल होतो आणि हात भाजतो. विजेवरचा पंखा गाडी बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून पात्याला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. आणि गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आत कुकरसारखा दाब असतो. कुकरची शिटी जाऊ न देता झाकण ओढणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? मग गाडीलाही तोच नियम.

वायर काढून आम्ही पंखा हातानं फिरवला. मोकळा फिरला. खरखर नाही, पातं डुगडुगत नाही. बुश किंवा बेअरिंग सुकलं असतं तर जड लागला असता. जाळीत धानाचा कोंडा आणि तणसाच्या काड्या अडकल्या होत्या. आपल्या भागात हे होणारच, रस्त्यावरच मळणी चालते. नळीचं पाणी मागच्या बाजूनं मारून त्या काढल्या. थोडा गुण आला, पण काटा चढायचा थांबला नाही.

मग मोटरचा कपलर काढला आणि दोन जाड वायरी घेऊन, मध्ये फ्यूज घालून, मोटर सरळ बॅटरीला जोडली. ही सगळ्यात मोठी परीक्षा. सरळ जोडूनही हळूच फिरली, तर मोटर गेली. तिचे कार्बन झिजले असतील किंवा आर्मेचर खराब असेल. सरळ जोडल्यावर जोरात फिरली, तर मोटर निर्दोष, दोष तिच्यापर्यंत वीज आणणाऱ्या वाटेत. आमचा पंखा असा सुटला की जवळ उभ्या काकूंचा पदर उडाला! तेव्हा बैठकीत विकू म्हणणाऱ्या चौघींपैकी एक म्हणाली, "म्हणजे हिच्यात जीव आहे. हिला पोटभर मिळत नाही."

मैत्रिणींनो, निदान तिनं केलं. पोटभर मिळत नाही. आता कुठे कमी पडतं, एवढंच शोधायचं होतं.

त्यासाठी मल्टीमीटर लागतो. शेतातला पंप दुरुस्त करणारे वापरतात तोच, काही शे रुपयांत मिळतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजलं, १३.९ व्होल्ट. चालू गाडीत साधारण साडेतेरा ते साडेचौदा असतात, म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटर ठीक. मग पंख्याच्या कपलरवर मोजायचं. इथं बरेच मेकॅनिक चुकतात. ते कपलर काढून मोजतात, मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो, आणि म्हणतात, वायरिंग ठीक आहे. अगं, भार नाही तोवर सगळंच ठीक दिसतं! वायरीतला गंज प्रवाह वाहायला लागला की मगच अडवतो. म्हणून मोजायचं ते पंखा जोडलेला आणि फिरत असताना. तसं मोजलं तर पंख्याला मिळत होते १०.२ व्होल्ट. ३.७ व्होल्ट वाटेत कोणीतरी खात होतं.

वाटा दोन. एक बॅटरीच्या प्लसपासून पंख्यापर्यंत जाणारी, दुसरी पंख्यापासून बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परत येणारी, जिला आपण अर्थ म्हणतो. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं पंख्याच्या प्लसला लावलं. ०.३ व्होल्ट. एवढं चालतं. मग एक टोक पंख्याच्या मायनसला, दुसरं बॅटरीच्या मायनसला. ३.४ व्होल्ट! चोर सापडला. येण्याची वाट चांगली होती, परतीची वाट बिघडली होती. हेडलाइटच्या खाली बॉडीला बोल्टनं बसवलेलं अर्थचं टोक होतं. खोललं तर हिरवा-पांढरा गंज, खाली गंजलेला पत्रा. गाडीला समोरून कधीतरी मार लागला होता, तिथं दुरुस्ती करणाऱ्यानं रंगावरच बोल्ट आवळला होता.

हिशेब पाहा. पंखा १५ अँपिअर घेत असेल आणि वाटेत ०.२ ओहम एवढाच अडथळा असेल, तर १५ गुणिले ०.२ म्हणजे ३ व्होल्ट तिथंच गेले. आणि ते नुसते हरवत नाहीत, त्याच जोडावर उष्णता होऊन निघतात, ४५ वॅट. म्हणून असा जोड हाताला गरम लागतो, कपलरचं प्लास्टिक पिवळं पडतं, वितळतं. मीटर नसला तरी जळकं प्लास्टिक आणि गरम जोड हे दोन साक्षीदार पुष्कळ सांगतात.

आम्ही पॉलिश पेपरनं पत्रा चमकेपर्यंत घासला, नवीन थिंबल दाबून बसवला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. परत मोजलं. अर्थच्या बाजूला ०.१ व्होल्ट, पंख्याला साडेतेरा. कागद जाळीला चिकटला. भर मे महिन्यात गाडी उभी करून अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, काटा मधेच राहिला. खर्च दीडशे रुपयांच्या आत. इंजिन खोललं नाही, रेडिएटर बदललं नाही, गाडी विकली नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यात त्याच गाडीतून आम्ही एका बाईला रात्री माहेरी पोचवलं आणि सकाळी तिच्यासोबत ठाण्यात गेलो.

ज्यांच्या गावात जुन्या जीपगाड्या आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. त्यात पंखा विजेवर नसतो, इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. तिथं हळू पंख्याचं कारण सैल किंवा गुळगुळीत झालेला पट्टा, नाहीतर मधला व्हिस्कस क्लच. पट्टा अंगठ्यानं दाबून पाहा, तडे गेलेत का पाहा. आणि विजेवरच्या पंख्याची मोटर बदलली असेल तर वायरी उलट लागल्या नाहीत ना, तेही पाहा. उलट लागल्या तर पंखा उलटा फिरतो आणि आत येणाऱ्या वाऱ्यालाच अडवतो.

आता कोणी विचारेल, हे पुरुषांना शिकू द्या की, आपल्याला काय करायचंय? त्याला माझं उत्तर असं आहे. यंत्र बाईचं नाही, हे आपल्याला कोणी शिकवलं? मोटारगाडीनं पहिला लांबचा प्रवास केला तोच एका बाईनं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, नवऱ्यानंच बनवलेली गाडी मानहाइमपासून फोर्त्सहाइमपर्यंत, शंभर किलोमीटरहून जास्त घेऊन गेल्या. इंधनाची नळी चोंदली ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून चामडं लावून घेतलं. आणि इंजिन गार ठेवायला वाटेत जागोजागी पाणी भरलं. म्हणजे तपणाऱ्या गाडीशी पहिली झुंज बाईनंच दिली. तरी मोटारीच्या इतिहासात आपण नाव ऐकतो ते तिच्या नवऱ्याचं.

आपल्याकडेही पाहा. परभणीहून पुण्यात आलेल्या शीला डावरे १९८८ पासून रिक्षा चालवू लागल्या. साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वेचं इंजिन चालवणाऱ्या पहिल्या बाई म्हणून ओळखल्या जातात, २०२३ साली त्यांनी सोलापूर-मुंबई वंदे भारत चालवली. एसटी मात्र आपल्या राज्यात १९४८ पासून धावते आणि तिच्या चाकावर बाई बसायला २०२३ उजाडलं. अर्चना अत्राम यांनी सासवडहून बस काढली तेव्हा पेपरात फोटो आला. पंचाहत्तर वर्षं लागली. कायद्यानं कधी मनाई नव्हती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात लायसन बाईला नको, असं कुठंही लिहिलेलं नाही. मनाई होती ती घराच्या उंबऱ्यात आणि गॅरेजच्या दारात.

गॅरेजच्या दारातली मनाई जास्त चिवट असते. चाक हातात दिलं तरी बोनेटची चावी दिली जात नाही. बाई गाडी चालवते म्हटल्यावर कौतुक होतं, बाई मीटर लावते म्हटल्यावर कपाळाला आठी येते. कारण चालवणारीकडून भाडं मिळतं, मोजणारीला फसवता येत नाही. मी सगळे मेकॅनिक वाईट म्हणत नाही. मला मीटर धरायला ज्यानं शिकवलं, तोही एक वायरमन भाऊच होता. त्यानं हातात मीटर दिला, आकडा काय आला ते वाचायला लावलं आणि "आता तुम्हीच सांगा" म्हणाला. शिकवणारा असा हवा.

म्हणून या शिबिरापुढे मी तीन गोष्टी ठेवते.

एक, ज्या गटाकडे गाडी, पिठाची गिरणी, शिलाई मशीन, पंप, काहीही यंत्र आहे, त्या गटात निदान दोघींनी त्याची तपासणी शिकावी. दोघी म्हणजे एकीचं लग्न झालं, बाळंतपण आलं, तरी ज्ञान गटातच राहील.

दोन, दुरुस्ती सांगणाऱ्याला तीन प्रश्न विचारायचेच. कशावरून म्हणता? मोजून दाखवाल का? काढलेला जुना भाग परत द्याल का? हे प्रश्न विचारायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. आणि वहीत तारीख, खर्च, लक्षण, सगळं लिहायचं.

तीन, आपल्या मुली आयटीआयला जातात तेव्हा त्यांना शिवणकामाचा फॉर्म आपणच भरून देतो. 'मेकॅनिक मोटर व्हेइकल' हा दोन वर्षांचा ट्रेड मुलींनाही खुला आहे. इलेक्ट्रिशियनचाही आहे. निदान ती यादी तिच्यापुढे ठेवा, तिला निवडू द्या.

संध्याकाळी चहानंतर गाडी शाळेच्या मैदानात उभी करते. मीटर एकच आहे, म्हणून चार-चार जणींनी या. प्रत्येकीनं स्वतः टोक लावायचं आणि आकडा मोठ्यानं वाचायचा. मी काही सांगणार नाही, तुम्हीच मला सांगायचं की पंख्याला किती मिळतंय आणि वाटेत किती जातंय.

एवढं बोलून थांबते.